‘आता घरी न्या’ म्हटल्यानंतरची वेदना आणि एका सुईचा इतिहास

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. राजकारण नाही, नगरपालिका नाही, रस्त्यावरचे खड्डेही नाहीत. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

“आता घरी घेऊन जा, जे मागतील ते खायला द्या.” हे वाक्य ज्या घरानं ऐकलं नाही असं घर आपल्या तालुक्यात शोधावं लागेल. केमो झालेली असते, लाईट घेऊन झालेली असते, शेत नाहीतर दागिने गहाण पडलेले असतात. रिपोर्टची पिशवी घेऊन माणूस गावी परत येतो. पुढचे दोन-चार महिने आतल्या खोलीत जे चालतं, ते आपण चारचौघांत बोलत नाही. भेटायला येणारा शहाळं घेऊन येतो, दहा मिनिटं बसतो, “धीर धरा” म्हणतो आणि निघतो. रात्री दोन वाजताचं कण्हणं फक्त घरच्यांना माहीत असतं.

डॉक्टरचं म्हणणं रोगापुरतं खरं असतं. रोगावर आता इलाज उरलेला नसतो. पण “काही करण्यासारखं नाही” हे वेदनेबाबत खरं नाही, आणि आजच काय, शंभर वर्षांपूर्वीही पूर्ण खरं नव्हतं. वेदनेवर करण्यासारख्या ज्या गोष्टी आहेत त्यातली एक म्हणजे नर्व्ह ब्लॉक. दुखणाऱ्या भागाकडून मेंदूकडे निरोप नेणारी नस शोधायची आणि सुईनं औषध टोचून तो निरोप वाटेतच अडवायचा. ऐकायला सोपं वाटतं. इथवर यायला मात्र माणसांनी स्वतःच्या अंगावर बरेच प्रयोग करून घेतलेत.

सुरुवात १८८४ साली व्हिएन्नात झाली. कार्ल कोलर नावाचा सव्वीस वर्षांचा शिकाऊ डॉक्टर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी भूल शोधत होता. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड (हो, तोच, मनाचा डॉक्टर) त्या काळात कोकेनचा अभ्यास करत होता. फ्रॉइड होणाऱ्या बायकोला भेटायला परगावी गेला आणि इकडं कोलरच्या डोक्यात आलं, की कोकेननं जीभ बधिर होत असेल तर डोळा का होणार नाही? आधी बेडूक, मग ससा, कुत्रा आणि शेवटी स्वतःचा डोळा. थेंब टाकून टाचणीचं डोकं बुबुळाला लावलं तरी कळेना. सप्टेंबरात हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती, पण कोलरकडे तिथं जाण्यापुरते पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरानं वाचून दाखवला आणि ती बातमी जगभर गेली.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅल्स्टेड या सर्जननं पुढची पायरी गाठली. कोकेन वरून लावण्याऐवजी त्यानं ते थेट नसेपाशी टोचलं. जबड्यातली नस बधिर केली की त्या बाजूचे खालचे सगळे दात बधिर. दाढ काढताना आपले दाताचे डॉक्टर जे इंजेक्शन देतात, त्याचा हा आजोबा. पण हॅल्स्टेड आणि त्याचे सहकारी हे प्रयोग एकमेकांवर करत होते. हॅल्स्टेडला कोकेनचं व्यसन लागलं, ते सोडवताना मॉर्फिनचं लागलं आणि ते जन्मभर सुटलं नाही. हाच माणूस पुढं जॉन्स हॉपकिन्सचा नामवंत सर्जन झाला, हेही खरं.

१८९८ मध्ये जर्मनीतल्या कीलमध्ये ऑगस्ट बीअरनं पाठीच्या मणक्यात कोकेन देऊन ऑपरेशन केलं. आज सिझेरियनला “पाठीत इंजेक्शन” देतात त्याची ही सुरुवात. नेमकं काय होतं हे कळावं म्हणून बीअर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी ते एकमेकांना द्यायचं ठरवलं. बीअरच्या वेळी सिरिंज सुईला बसेना आणि मणक्यातलं पाणी वाहून गेलं. हिल्डेब्रांटच्या वेळी जमलं. मग बीअरनं त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, सिगारचा चटका दिला. काही कळत नाही म्हणून दोघं खूश! रात्री वाइन घेऊन मजा केली. दुसऱ्या दिवसापासून मात्र बीअरला असं डोकं दुखायला लागलं की तो आठवडाभर आडवा होता.

हे सगळं ऑपरेशनपुरतं होतं. कोकेनची जागा पुढं नोव्होकेननं घेतली, मग १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन सापडलं, तेच आपल्याकडचं झायलोकेन. पण ही औषधं काही तासांची. कॅन्सरचं दुखणं रोज, दिवसरात्र. दर तीन तासांनी नसेपाशी सुई कोण टोचणार?

म्हणून डॉक्टर दुसऱ्या वाटेनं गेले. नस झोपवायची नाही, जाळायची. आणि त्यासाठी हाताशी होती साधी गोष्ट, अल्कोहोल. चेहऱ्याच्या असह्य कळांवर अल्कोहोल टोचण्याचा उपाय जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आला होता. १९१४ मध्ये माक्स काप्पिस या जर्मन सर्जननं पोटाच्या मागं असलेल्या नसांच्या जाळ्यापर्यंत पाठीतून सुई कशी न्यायची ते दाखवलं. हे जाळं, सीलिअॅक प्लेक्सस, छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका जिथं भेटतात त्या उंचीवर, मुख्य रक्तवाहिनीच्या पुढ्यात असतं. जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड आणि आतड्याचा बराच भाग यांच्या वेदना याच चौकातून पुढं जातात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटातून आरपार पाठीत जाणारी जी कळ असते, ती इथूनच.

१९३१ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या डोलिओत्तीनं अल्कोहोल मणक्यातल्या पाण्यातच सोडलं. यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. अल्कोहोल त्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं ते वर तरंगतं. म्हणून पेशंटला दुखरी बाजू वर करून कुशीवर झोपवायचं आणि औषध थेंबाथेंबानं द्यायचं, म्हणजे वर तरंगून ते नेमक्या नसांच्या मुळांना लागेल. पेशंटनं काही वेळ हलायचं नाही. हलला तर औषध दुसरीकडं, आणि पाय नाहीतर लघवीचा ताबा जायची भीती.

१९५५ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल या गिरणगावातल्या रॉबर्ट माहेर या डॉक्टरनं ही युक्ती उलटी केली. त्यानं घेतलं फिनॉल, म्हणजे आपल्या ओळखीचं कार्बोलिक. जखमा सडू नयेत म्हणून लिस्टर जे वापरायचा आणि साबणाला ज्याचा वास यायचा तेच. ते त्यानं ग्लिसरीनमध्ये मिसळलं. हे मिश्रण जड, ते खाली बसतं. मग पेशंटला दुखऱ्या बाजूवर झोपवायचं. भिंतीला वर चिकटवण्यापेक्षा खाली अंथरणं सोपं, इतकं साधं तत्त्व. मोठ्या विद्यापीठाचा नव्हे, एका कामगारवस्तीच्या गावातला डॉक्टर हे करतो आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणतो, हे मला फार आवडतं. गावात बसूनही करता येतं, एवढंच.

आता एक पैलवान. जॉन बोनिका, जन्म १९१७, इटलीजवळच्या एका छोट्या बेटावरचा. लहानपणी अमेरिकेत आला. डॉक्टरकीच्या शिक्षणाचा खर्च भागवायला तो कुस्त्या खेळायचा. मातीतल्या नव्हे, तिकीट लावून होणाऱ्या, सर्कशीतल्याही. तोंडावर मुखवटा घालून तो ‘मास्क्ड मार्व्हल’ नावानं उतरायचा, कारण डॉक्टर कुस्ती खेळतो हे वरिष्ठांना कळलं असतं तर पंचाईत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या दवाखान्यात त्याच्यासमोर अंग जायबंदी झालेले शेकडो सैनिक आले. जखम भरलेली, पण दुखणं थांबेना. त्यानं नर्व्ह ब्लॉक दिले, खूप दिले. काहींना उतार पडला, काहींना अजिबात नाही. तेव्हा तो भूलतज्ज्ञ, सर्जन, मेंदूचा डॉक्टर, मानसोपचारवाला सगळ्यांना एका टेबलाशी बसवायला लागला. १९५३ मध्ये त्याचा वेदनेवरचा जाडजूड ग्रंथ आला. वेदना म्हणजे दुसऱ्या कुठल्या रोगाची खूण एवढंच नाही, तिच्यावर स्वतंत्रपणे उपचार करायला हवेत, हे वैद्यकशास्त्राच्या गळी उतरवण्यात या पैलवानाचा वाटा मोठा. कुस्तीतल्या जुन्या दुखापतींमुळं तो स्वतःही आयुष्यभर वेदनेत होता.

१९६४ मध्ये अमेरिकेतल्याच डॅनिएल मूर आणि सहकाऱ्यांनी काप्पिसची ती जुनी वाट घेऊन, पोटाच्या कॅन्सरच्या पेशंटना सीलिअॅक प्लेक्ससमध्ये अल्कोहोल दिल्याचे निकाल छापले. आज हा ब्लॉक जसा दिला जातो त्याची चौकट तिथं तयार झाली. पेशंटला पालथं झोपवून पाठीतून दोन बाजूंनी सुया, एक्सरेवर किंवा सीटी स्कॅनवर जागा पक्की करायची, मग औषध. पुढं १९९० मध्ये मेक्सिकोच्या रिकार्दो प्लान्कार्ते यांनी ओटीपोटातल्या नसांच्या जाळ्यासाठी असाच ब्लॉक मांडला. गर्भपिशवीच्या मुखाच्या कॅन्सरनं आपल्याकडं किती बायका जातात हे लक्षात घेतलं, तर हा ब्लॉक आपल्या कामाचा.

एक प्रश्न वाचणाऱ्यांच्या मनात आला असेल. नस जाळायचीच, तर मग पाठदुखी-गुडघेदुखीवाल्यांची का नाही जाळत? कारण जाळलेली नस परत वाढते. साधारण तीन ते सहा महिन्यांत दुखणं परत येऊ शकतं, आणि कधी कधी आधीपेक्षा विचित्र, भाजल्यासारखं. शिवाय हातापायाच्या नसेत हालचालीचे धागेही असतात, ते जळले तर हात लुळा पडतो. ज्याच्यापुढं वीस वर्षं आहेत त्याच्यासाठी हा घाट्याचा सौदा. ज्याच्यापुढं चार महिने आहेत त्याच्यासाठी नाही. कठोर हिशेब आहे, पण असाच आहे.

१९६०-७० च्या दशकात या सुईला बरे दिवस होते. मग गोळीनं तिला मागं टाकलं, आणि ते योग्यच झालं. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखल्यावर इंजेक्शन मागायला लावण्यापेक्षा, दुखायच्या आधीच ठरल्या वेळी तोंडातून मॉर्फिन द्यायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. वेदना फक्त शरीराची नसते. मुलांचं काय होणार, पैशाचं काय, देवानं माझ्याच नशिबी हे का दिलं, हे सगळं त्या एकाच दुखण्यात असतं, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी दिली. आधी साध्या गोळ्या, मग मध्यम, मग मॉर्फिन. बहुतेक पेशंटना एवढ्यानं आराम पडतो. सुई उरली ती बाकीच्यांसाठी.

इथंच भारताची गोष्ट वेगळी होते. जगाला शिडी मिळाली १९८६ मध्ये, आणि आपण १९८५ मध्येच अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, करून बसलो होतो. हेतू वाईट नव्हता. पण एका खोक्याभर गोळ्यांसाठी चार-पाच परवाने, वेगवेगळी खाती आणि चूक झाली तर तुरुंग. औषधवाल्यांनी हात वर केले, दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. १९९७ मध्ये एवढ्या मोठ्या देशात वर्षाला जेमतेम १८ किलो! आणि हा देश कोणता? मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्यानं अफू पिकवून जगाला विकणारा. आमच्या शेतातली अफू परदेशातल्या म्हाताऱ्याची वेदना थांबवते आणि आमचा म्हातारा पॅरासिटामॉलवर. यावर मी जास्त लिहीत नाही, राग येतो.

गोळी नव्हती म्हणून भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या हातात सुई राहिली. त्यांतले एक केरळातल्या कालिकत मेडिकल कॉलेजचे डॉ. एम. आर. राजगोपाल. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली हकिकत आहे. कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ त्यांच्याकडं पाठवले गेले. तोंडाच्या भागात कॅन्सर, वेदना असह्य. डॉक्टरांनी ब्लॉक दिला आणि तो उत्तम लागला. दुखणं थांबलं. त्या गृहस्थांनी विचारलं, पुन्हा कधी येऊ? डॉक्टर म्हणाले, गरज नाही, हा उपचार वेदनेपुरता होता, मूळ रोग यानं बरा होणार नाही. आपला रोग बरा होणारा नाही हे त्या माणसाला तोवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. घरी जाऊन त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं.

ब्लॉक यशस्वी झाला होता, हे इथं पुन्हा वाचा. सुई योग्य जागी गेली, नस बधिर झाली, वेदना शून्य. राजगोपाल यांना कळून चुकलं, की आपण नसेवर उपचार केला आणि माणूस तसाच परत पाठवला. बोनिकाला अमेरिकेत जे उमगलं, सॉन्डर्सना लंडनमध्ये जे दिसत होतं, ते कालिकतमध्ये असं भयंकर किंमत देऊन समजलं. १९९३ मध्ये त्यांनी डॉ. सुरेशकुमार आणि इतरांसोबत कालिकतला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. तोंडातून घ्यायचं मॉर्फिन, घरी जाऊन जखम धुणं, घरच्यांशी बोलणं आणि गरज असेल तिथं सुई. पुढं मलप्पुरम आणि आसपासच्या भागात गावकरीच स्वयंसेवक झाले. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले आठवड्यातले दोन तास द्यायचे. २००८ मध्ये केरळनं सरकारी धोरणच केलं. कायदा बदलायला मात्र २०१४ उजाडलं. त्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरते. कागदावर रस्ता मोकळा झाला.

आपल्या महाराष्ट्रात काहीच नव्हतं असं नाही. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मधलं, तिथं भूलतज्ज्ञांचं वेदना उपचाराचं काम आहे आणि पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र विभागही. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ मध्ये मुंबईतच, वांद्र्याला सुरू झालं. अडचण मुंबईच्या पलीकडं आहे. तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ असतो, तो रोज सिझेरियनसाठी पाठीत सुई घालतो, हात सरावलेला असतो. पण कॅन्सरच्या पेशंटला त्याच्याकडं कुणी पाठवतच नाही.

मग हा ब्लॉक खरंच किती उपयोगी? १९९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर काढता न आलेल्या १३७ पेशंटची चाचणी छापली. ऑपरेशनच्या वेळीच काहींना अल्कोहोल, काहींना नुसतं सलाइन. अल्कोहोलवाल्यांना वेदना कमी राहिल्या. आधीपासून दुखत होतं त्यांच्यात तर आयुष्यही थोडं वाढल्याचं दिसलं, आणि जगभर आशा वाढली. २००४ मध्ये मेयो क्लिनिकनं १०० पेशंटवर नीट तपासलं. वेदना कमी होते, हे पुन्हा सिद्ध झालं. आयुष्य वाढत नाही, मॉर्फिनची गरजही फारशी कमी झाली नाही. तेव्हा कुणी “या इंजेक्शननं पेशंट जास्त जगेल” असं सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा. वेदना कमी करतं, हे त्याचं काम, आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. २०११ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी, स्वादुपिंडाचा कॅन्सर काढण्यापलीकडं गेलाय हे दुर्बिणीच्या तपासणीत दिसताच त्याच वेळी जठरातून सुई घालून ब्लॉक दिला. त्यांच्या पेशंटना पुढच्या महिन्यांत वेदना कमी राहिल्या. आपल्याकडं उलटं चालतं. सगळं संपलं की मग कुणीतरी ब्लॉकचं नाव काढतं. तोवर गाठ एवढी पसरलेली असते की औषध नसांपर्यंत पोचत नाही, पेशंटला पालथं झोपता येत नाही, रक्त गोठायची शक्ती गेलेली असते. मग ब्लॉक लागत नाही आणि लोक म्हणतात, उगाच पैसे गेले.

धोकेही सांगतो, लपवायचं काही नाही. सीलिअॅक ब्लॉकनंतर बीपी उतरतं, उठताना चक्कर येते, काही दिवस जुलाब होतात. क्वचित, फार क्वचित, पाय लुळे पडल्याच्या घटना जगात नोंदलेल्या आहेत. म्हणून हे अनुभवी हातानं, यंत्रावर जागा बघूनच करायचं. बरेच डॉक्टर आधी नुसतं झायलोकेन देऊन बघतात. त्यानं दुखणं थांबलं तर नस बरोबर सापडली, मग अल्कोहोल.

ज्यांच्या घरात आत्ता असा पेशंट आहे त्यांच्यासाठी. कॅन्सरच्या डॉक्टरला पहिल्या दोन-तीन भेटींतच विचारा की वेदनेसाठी कुणाकडं जायचं, आणि चिठ्ठी लिहून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पेशंटला काय झालंय हे त्याला किती माहीत आहे, तेही ब्लॉक देणाऱ्या डॉक्टरला सांगा. मॉर्फिन म्हणजे शेवट, हा समज सोडा; नीट मोजून दिलेल्या मॉर्फिननं माणूस मरत नाही, झोपतो, जेवतो, नातवाशी बोलतो. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत घ्यावं लागतं. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी कोणत्या वारी असते, तिथं मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का आणि ब्लॉक देणारा भूलतज्ज्ञ आहे का, हे तीन प्रश्न मी या आठवड्यात लेखी विचारणार आहे. उत्तर येईल तसं इथंच टाकतो. डोस वगैरे मला विचारू नका, मी पत्रकार आहे.